दुधाची चव

आज संध्याकाळी दूध कट्ट्यावर गेलो होतो. इथे म्हशीची धार समोरच काढतात आणि फेसाळलेला ग्लास थेट हातात देतात. बाकीच्या म्हशींभोवती गर्दी होती. बाबूमामांच्या म्हशीपाशी कोणीच नव्हतं.

"मामा, आज गिऱ्हाईक नाही?"

"आठ दिस झालं, सर. म्हशीला इंजेक्शन देतोय म्हणं मी. असंच चाललं तर इकायला लागंल हिला."

हे आलं कुठून, याचं मला कुतूहल वाटलं. शेजारच्या चहावाल्याला विचारलं. त्याने पानपट्टीवाल्याकडे बोट दाखवलं.

"इंजेक्शन मी म्हटलोच न्हाय," पानपट्टीवाला म्हणाला. "दुधात औषध हाय, एवढंच म्हटलो. आणि ते तुम्हीच की, सर! मामांच्या दुधाला औषधाची चव येतीया, असं म्हटलासा न्हवं माझ्याम्होरं?"

म्हटलं होतं. त्या दिवशी मला ताप होता, गोळ्या चालू होत्या. पाणीसुद्धा कडू लागत होतं. ते मात्र मी बोललो नव्हतो.

परत जाऊन मामांना सगळं सांगितलं. ते म्हशीखाली बसले आणि ग्लास भरून पुढे केला.

"घ्या. आता चव कशी हाय, तेबी तसंच मोठ्यानं सांगा."

मी सांगितलं. पण ऐकायला जवळ कोणी नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. मामांचं दूध गोड आहे. माझं पहिलं वाक्य एका दिवसात कट्टाभर फिरलं होतं. हे किती दिवसांत पोचेल, तुम्हाला काय वाटतं?