वर काही ठेवू नये

तिला घरात सगळे चक्री म्हणत. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून पडलेलं नाव. लग्न झालं, मुलगी कॉलेजात गेली, तरी ते काही सुटलं नाही. चहा उभ्यानं प्यायची, फोनवर बोलताना दुकानभर फिरायची, बोलता बोलता कुणाचा तरी पंखा बंद करून जायची. पण मागच्या खोलीत, खिडकीखालच्या बाकाशी, हातात काच आली की हीच बाई अशी गप्प होई की वहिनी दारातून डोकावून विचारी, "अगं, आहेस ना?"

दुकान मूळचं बाबांचं. पुढच्या भागात दादा बल्ब, पंखे आणि वायरी विकायचा. मागच्या खोलीत चक्री जुने तेलाचे दिवे दुरुस्त करायची. कुणाच्या माळ्यावरून उतरलेले, कुणी अडगळीत टाकलेले. पितळ घासून उजळतं, वात कुठेही मिळते, घोडं अडतं ते काचेपाशी. ज्योतीभोवतीची उभी चिमणी आणि तिच्यावरची गोल हंडी, या दोन्ही काचा घाऊक व्यापाऱ्यानं ठेवणंच बंद केलं होतं.

"ताई, आता प्लॅस्टिकच्या घ्या. पडल्या तरी फुटत नाहीत," तो म्हणाला होता.

"आणि वात पेटवल्यावर? वितळलेलं पुसायला तुम्ही येणार?"

तो हसला, पण काचा काही आणल्या नाहीत. बाकावर बिनकाचेचे दिवे साचत गेले. एके दिवशी चक्री आली तर मोबाईल दुरुस्तीवाला टेप लावून तिच्या खोलीची लांबी-रुंदी मोजत होता. तिला बघून त्यानं टेप सोडला. पट्टी सर्रकन डबीत गेली.

"तो खोली मागतोय," दादा म्हणाला. तिच्याकडे न बघता. "मी तुला हाकलत नाहीये चक्री. पण बाकावर कामच नाही तर..."

"काचा बाहेरून मागवते. समुद्रातून."

"माशांसारख्या?"

"जहाजानं! मी चौकशी केलीये."

दादानं हातातला बल्बचा होल्डर फिरवला. "एकदा बघ. परवडलं तर खोली तुझी. नाहीतर बाक माळ्यावर आणि खोली त्याला."

चौकशी तिनं खरंच केली होती. दूर देशी एक जुना कारखाना होता, अजून फुंकून काच करणारा. तिथल्या बाईशी फोनवर निरोप चालायचे. ही आपल्या भाषेत लिही, ती तिच्या, मधलं भाषांतर फोन करी. विमानाचं भाडं ऐकून चक्रीनं फोन पालथा ठेवला होता. मग जहाजाचं आलं आणि तिचा विश्वासच बसेना. आपला माल म्हणजे काही कंटेनरभर नव्हता. तो दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये येणार, जेवढी जागा अडवेल तेवढ्याचं भाडं, आणि ते इतकं कमी की शेजारच्या शहरातून टेम्पो मागवला तरी जास्त पडावं. ती दुकानात दोन फेऱ्या मारून आली.

कारखान्यातल्या बाईनं विचारलं होतं, काचा एकात एक बसवून पाठवू का? चक्रीनं ताबडतोब कळवलं, मुळीच नको. काचेवर काच ठेवायची नाही, हे बाबांनी तिला अक्षरओळखीच्याही आधी शिकवलं होतं. प्रत्येक चिमणीला तिचा खोका, प्रत्येक हंडीला तिचा. मग ते सगळे लाकडी पेट्यांत. बाईनं आणखी विचारलं, पेट्यांवर दुसरा माल ठेवला तर चालेल ना? चक्रीनं लिहिलं, अजिबात चालणार नाही, चारही बाजूंनी तसं ठळक छापा. लिहिताना तिला स्वतःचा अभिमान वाटला होता.

मग जहाज निघालं आणि चक्रीची झोप उडाली. फोनवर निळ्या रंगात एक ठिपका दिसायचा, तो सरकता सरकत नसे. पोळी लाटताना ठिपका, भाजी घेताना ठिपका. "अगं, तू ढकललंस म्हणून जहाज पळणार आहे का?" नवरा म्हणायचा. एकदा तर ठिपका उलटा गेला. माल आणून देणाऱ्या एजंटला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, वाटेत दुसऱ्या बंदरात माल उतरवतात. तुमचा एकटीचा थोडाच आहे?"

शेवटी माल आला, आणि मालाच्या आधी बिल आलं. चक्रीनं ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्या कुणाचं असणार असं ठरवून थेट एजंटचं ऑफिस गाठलं.

ते एका गोदामाच्या जिन्याखाली होतं. एजंट बारीक, सारखा खोकणारा माणूस. समोर दोन खुर्च्या होत्या. ती बसली नाही.

"भाडं एवढंसं सांगितलं होतं तुम्ही! हे काय?"

"भाड्याचा दर तेवढाच आहे. हे बघा, पहिल्याच ओळीत." त्यानं बोट ठेवलं. "या बाकीच्या ओळी इथल्या बंदरातल्या खर्चाच्या. कंटेनर उघडायचा, दहा जणांचा माल वेगळा करायचा, गोदामात ठेवायचा, कागद करायचे. लहान मालाचं असंच असतं ताई. समुद्र स्वस्त, किनारा महाग. कस्टमसुद्धा मालाच्या किमतीत भाडं मिळवून मग लागतं."

"पण तेही जागेवरच ना? माझ्या पेट्या एवढ्याशा." तिनं हात कमरेशी धरून दाखवलं.

एजंटनं बिलाची दुसरी बाजू तिच्याकडे वळवली. "वजन आणि जागा, दोन्ही मोजतात. जे जास्त भरेल त्यावर पैसे. काच पोकळ, म्हणजे तुमचं जागेवरच जाणार. आणि जागा कमरेपर्यंतची नाही, छतापर्यंतची धरली आहे."

"छतापर्यंत काय होतं?"

"काही नव्हतं," तो म्हणाला. "तुम्हीच लिहिलं होतंत ना, वर काही ठेवू नये. मग कुणी नाही ठेवलं. ती जागा दुसऱ्याला विकता आली नाही, म्हणून ती तुमची."

चक्री उभी होती तिथंच खुर्चीत टेकली. म्हणजे इतके दिवस तो ठिपका सरकत होता, त्यात तिच्या काचा होत्याच, पण काचांतली पोकळी होती, खोक्यांमधली होती, आणि सगळ्याच्या वर छतापर्यंत निव्वळ हवा. ती सगळी हवा तिनं जपून, समुद्र ओलांडून आणली होती.

"ताई, पेट्या लवकर उचला," एजंट हळू आवाजात म्हणाला. "गोदामाचं भाडं रोज चढतं."

पेट्या दुकानात आल्या. एकही काच तडकलेली नव्हती. एक चिमणी कितीला पडली ते दादानं सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाली, "एवढ्यात तर नवा दिवा येईल," आणि लगेच जीभ चावली. दादानं माळ्याची शिडी कुठे आहे ते पाहिलं. चक्रीनं ते पाहिलं.

पुढचे दोन दिवस ती येरझाऱ्या घालत होती. बाकापासून पेट्यांपर्यंत, पेट्यांपासून बाकापर्यंत. चिमणी उचले, हंडीच्या तोंडाशी नेई, आणि मागे घेई. तिसऱ्या फेरीला की तेराव्या, तिनं डोळे मिटून चिमणी हंडीत सोडली. मध्ये कागदाच्या कात्रणांचा थर. मग त्या चिमणीत तिच्याहून बारकी. संध्याकाळपर्यंत चार पेट्यांतला माल एका पेटीत मावला. रिकाम्या खोक्यांचा ढीग खिडकीच्या वर गेला.

तिनं पेटीला झाकण ठोकलं, "दादा! वहिनी!" अशी हाक मारली आणि ते येईपर्यंत पेटीवर चढून उभी राहिली.

"उतर! डोकं फिरलंय का?"

"तू पण चढ."

"मी?"

"जहाजात तुझ्याहून जड माल असतो."

"चढा हो," वहिनी म्हणाली. "एकदा तरी ते पोट कामी येऊ दे."

दादा कुरकुरत चढला. पेटीचं लाकूड करकरलं. दोघं एकमेकांची कोपरं धरून उभे राहिले, लहानपणी गच्चीच्या कठड्यावर राहत तसे. हातात काच नसताना चक्रीला इतकं स्तब्ध कधी कुणी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात खालून आवाज आला. टिक.

तिनं खाली उडी मारून झाकण उचकटलं. कात्रणं बाजूला करत ती एकेक काच उचलत गेली. तळाशी एका चिमणीच्या ओठाला तडा होता. बाकी सगळ्या धड.

"एक गेली," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत तिच्या हातून गेलेली पहिली.

दादा रिकाम्या खोक्यांच्या ढिगाकडे पाहत होता. खालपासून वरपर्यंत, मग पेटीकडे. "हे सगळं यात आलं?"

"हो. आणि वर दुसऱ्याचा माल ठेवता येईल. छताशी आपला संबंध नाही."

"आणि एकच फुटली."

"एक म्हणजे कमी नाही दादा."

"नाही," तो म्हणाला. "पण हवेपेक्षा स्वस्त आहे."

त्यानं शिडी उचलली. चक्रीनं बाकाची कड धरली. शिडी लावून तो खोके माळ्यावर टाकू लागला. "या बिलाचं मी बघतो. पुढचं तू. मोबाईलवाला आत्ता येईल, त्याला चहा पाजून परत पाठवू. तूही बस जरा, बसून पी."

चहा आला. चक्रीनं कप उचलला आणि फोन काढला. तडकलेली चिमणी तिनं बाकावर, खिडकीच्या उजेडात उभी केली होती. कारखान्यातल्या बाईचा जुना प्रश्न वर सरकवून तिनं शोधला: वर दुसरा माल ठेवला तर चालेल ना? अंगठा बराच वेळ नुसता फिरत राहिला. मग तिनं लिहिलं, "चालेल," आणि उत्तराची वाट बघत, चहा हिंदकळवत, दुकानभर फिरू लागली.