मिसिंगअण्णा

आमचे सासरे नुसत्या आवाजावरून मोटारीचा आजार सांगत, आणि सांगितलेला आजार सहसा चुकीचा निघे. मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत कुणाची गाडी थांबली की अण्णा भरल्या ताटावरून उठून फाटकाशी जात, डावा कान रस्त्याकडे करत आणि म्हणत, "मिसिंग आहे, इंजिनाचा ठोका चुकतोय. दुसरा प्लग." गाडीवाला भिडस्त असला तर बिचारा दुसरा प्लग बदलून घेई. आवाज होता तसाच राही. "मग तिसरा," अण्णा जराही न ओशाळता म्हणत. गल्लीने त्यांचं नाव मिसिंगअण्णा ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

नोकरीत ते मुन्सफ होते. कोर्टात काय करत कोण जाणे, पण घरी निकाल आधी आणि पुरावा मागाहून असाच रिवाज होता. निवृत्तीनंतर त्यांनी एका कॉफीमळेवाल्याकडून लढाईच्या आधीची एक इंग्रजी मोटार घेतली. मी बेळगावहून लग्न होऊन आले तेव्हा घरात दोन सुना असल्यासारखं होतं, आणि धाकटी मी होते. थोरलीला रोज सकाळी फडक्यानं पुसलं जाई.

गाडी पळताना गप्प असे. पण चौकात उभी राहिली की अंगात हुडहुडी भरल्यासारखी थरथरे, दोनदा उचकी देई आणि बंद पडे. अण्णांनी तिचे प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्ब्युरेटर उघडून स्वयंपाकघरातल्या परातीत रॉकेलनं धुतला. ती परात अक्कांनी, म्हणजे सासूबाईंनी, पुन्हा कणकेला लावली नाही. प्रत्येक वेळी अण्णा जाहीर करत, "सापडलं!" आणि प्रत्येक वेळी गाडी पुढच्या चौकात बंद पडे. मेकॅनिकला दाखवा म्हटलं तर म्हणत, "तो कानानं ऐकत नाही, पान्यानं ऐकतो."

पेट्रोलच्या काट्याशी तर त्यांचं उघड वैर होतं. टाकी कोरडी असली तरी काटा भरल्याच्या खुणेवर ऐटीत उभा. अण्णांनी तीनदा तारा बदलल्या, काचेवर टिचक्या मारल्या, शेवटी त्याला "खोटा साक्षीदार" ठरवून त्यावर कागद चिकटवला. मग पेट्रोल मोजायला माझी शिवणाची लाकडी पट्टी टाकीत बुडू लागली. त्या वर्षी मी शिवलेल्या प्रत्येक पोलक्याला पेट्रोलचा वास होता. मी तक्रार केली तर म्हणाले, "पट्टी खोटं बोलत नाही, सूनबाई. हा तिचा गौरव आहे."

एवढ्यावर भागलं असतं तर मी आयुष्यभर हसतच राहिले असते. पण मला दिवस गेले. माझे यजमान तेव्हा कामानिमित्त म्हैसूरला होते. एका सकाळी कळा सुरू झाल्या. अक्का म्हणाल्या, जटका बोलवा. अण्णा दुखावले. "घरात मोटार असताना माझी सून घोडागाडीतून जाणार?"

निघालो. रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी थांबली, थरथरली, दोन उचक्या देऊन गप्प झाली. आगगाडी गेली, फाटक उघडलं, मागे भोंगे वाजू लागले. अण्णा खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि आत वाकले ते वाकलेच.

"अहो, पोरगी तळमळतेय इथं!" अक्का ओरडल्या.

"स्वल्प थांब. तिसरा प्लग असणार."

मी सीटची कड दातांत धरायची तेवढी बाकी होती. मागं एका बेकरीची पावाची गाडी अडकली होती. तिचा ड्रायव्हर पुढं आला, आत डोकावला आणि अण्णांकडे न बघता मला म्हणाला, "बन्नी अम्मा, चला." अक्कांनी मला धरून उतरवलं. ताज्या पावाच्या वासात, पाट्यांच्या मधोमध बसून आम्ही इस्पितळ गाठलं. थोड्याच वेळात मला मुलगी झाली.

अण्णा त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी ठरवलं, या माणसाशी पुन्हा बोलायचं नाही.

तिसऱ्या दिवशी ते दारात उभे दिसले. दाढी वाढलेली, नखांत काळं तेल. बाळाला घ्या म्हटलं तर हात मागे लपवले. मग खिशातून रुमाल काढून माझ्या उशाशी उलगडला. आत एक फाटकं गॅस्केट होतं.

"कार्ब्युरेटरच्या खालच्या जोडातलं," ते म्हणाले. "तिथून बाहेरची हवा ओढत होती. जोडावर तेल सोडलं तर थरथर थांबली. दोन वर्षं मी प्लगांनाच दोष देत होतो." मग म्हणाले, "चूक झाली."

ही कबुली माझ्याजवळ होती की प्लगांजवळ, हे मला आजही सांगता येणार नाही. पण मुन्सफांच्या घराण्यात यापेक्षा मोठी माफी कुणी मागितली नसावी. मला हसू आलं. टाके दुखेपर्यंत हसले.

घरी न्यायला ते आले ते मात्र जटक्यातून. "गाडी दुरुस्त झाली ना?" मी विचारलं.

"अगदी. उभी असताना बॉनेटवर भरलेला पेला ठेवला तरी थेंब सांडत नाही."

"मग?"

"नाही," एवढंच म्हणाले आणि जटकेवाल्याशेजारी जाऊन बसले. वाटेत त्याला सांगत होते, "तुझा घोडा मागच्या डाव्या पायात मिसिंग करतोय." घोडा ठणठणीत होता.

पुढच्या महिन्यात त्यांनी मोटार विकली. आयुष्यात पहिल्यांदा ती नीट चालत होती तेव्हा. लोकांना सांगत, घेणारा फारच मागे लागला होता. अक्कांनाही तेच सांगितलं. मी एकदा त्यांना एकटं गाठून खरं काय ते विचारलं.

ते मोटारीच्या रिकाम्या शेडमध्ये स्टुलावर चढून या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी बांधत होते. बाहेर आठवडाभर पावसाची झिमझिम होती आणि घरात बाळाच्या ओल्या दुपट्यांचा ढीग साचला होता; त्यातलीच एक बादली माझ्या हातात होती.

"कपडे वाळायला जागा नको?" माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "दे ती बादली इकडे."