आईकडून आलेली अर्धशिशी

डोकं दुखायच्या आधी मला करवतीच्या दात्यांसारखी एक चकचकीत रेघ दिसते. ती हळूहळू कडेला सरकते, विझते, आणि मग उजवं कानशील ठणकू लागतं. हल्लीचे डॉक्टर सांगतात, तेव्हा मेंदूच्या मागच्या भागातून एक लाट पुढे जात असते. वाटेतल्या पेशी आधी चेततात, मग गप्प होतात, आणि त्यानंतर मेंदूच्या आवरणातल्या नसा जाग्या होऊन ठणका सुरू होतो. १९५०च्या दशकातल्या आमच्या अमरावतीच्या घरात एवढं कोणाला ठाऊक? आम्ही अर्धशिशी म्हणायचो. ती आईला होती आणि मला. माझ्या पाठच्या दोघी बहिणी सुटल्या.

मी अकरा वर्षांची असताना आईनेच माझ्या कानशिलाला बिब्बा लावला. तिच्याही कानशिलावर तसाच काळा डाग होता. फोड आला, खपली पडली, डाग राहिला. अर्धशिशी कुठेच गेली नाही. पण अंधाऱ्या खोलीत आम्ही शेजारी पडायचो आणि तिला काही समजावून सांगावं लागत नसे, याचाच मला मोठा आधार होता.

अकोल्याचे पाहुणे मला बघायला आले तेव्हा तिने माझे केस डागावर ओढून विंचरले. लग्न झालं की हे दुखणं आपोआप जातं, तेव्हा बोलायचं नाही, असं बजावलं. मी मूर्ख, मला ते पटलं.

सासरी तिसऱ्याच महिन्यात ती रेघ दिसली, डोकं ठणकू लागलं आणि चुलीपुढून उठून मी ओकले. मग दर पंधरवड्याला तेच. सासू वाईट नव्हती, पण धडधाकट दिसणारी सून दिवसभर तोंडावर पदर घेऊन पडते, हे तिच्या डोक्यात शिरेना. खरं दुखणं असेल तर दवाखाना करू, नखरे असतील तर कामाला लावू, असं म्हणून तिने आईला बोलावून घेतलं. मला हायसं वाटलं. या घरात माझ्यावर विश्वास बसवू शकेल असं तेवढं एकच माणूस होतं.

आई आली तेव्हा मी आतल्या खोलीत डोक्याला फडकं बांधून पडले होते. दाराच्या फटीतून ती दिसत होती. कानशिलावरून पदर पुरता ओढून ती सासूला म्हणाली,

"आमच्या घरी हिले असं कधीच झालं नाई, बाई. इथं येऊनच होऊन राहिलं."

त्यानंतर वर्षभर मी ठणकत्या डोक्याने भाकरी थापल्या. नाटकी हे माझं नावच पडलं.

मग एकदा उलट्या थांबेनात, म्हणून मला दवाखान्यात नेलं. डोक्यातल्या रक्तवाहिन्या आधी आकसतात, मग फुगतात, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. हे घराण्यात असतं, आईला आहे का, असं विचारलं. सासू शेजारीच बसली होती. मी हो म्हणाले. घरी आल्यावर तिने स्वतः माझ्या खिडकीला चादर लावली.

दिवाळीला माहेरी गेले आणि आईला सरळ विचारलं, माझ्याबद्दल खोटं का बोललीस. ती ज्वारी पाखडत होती. बहिणी अंगणात होत्या. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"तुह्यं लगन होऊन गेलं होतं," ती म्हणाली. "या दोघींचं व्हायचं होतं."

तिचं खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. दिवाळी संपेपर्यंतही न थांबता मी अकोल्याची गाडी धरली.