पलीकडच्या टोलीची हाक

जागेश्वर डोंगेवाल्याला आपल्या कानांचा भारी तोरा. तळ्यात मासोळीनं शेपूट हलवलं तरी ती कोणत्या जातीची ते काठावरून सांगतो, असं चारचौघांत बोलायचा. आणि बायकोनं, नंदाबाईनं, घरात "पानी भरा जी" म्हटलं की तेच कान कुठं गावाला जायचे कोण जाणे! आता बाई, सगळ्याच नवऱ्यांचं असं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

गाव तळ्याच्या अलीकडे, टोली, म्हणजे धाकटी वस्ती, पलीकडे; मधली ये-जा जागेश्वरच्या डोंग्यातून, लहानशा लाकडी होडीतून. टोलीवर मोबाइलला रेंज नाही. तिकडून कुणी "डोंगाऽऽ" अशी हाक घालायची, जागेश्वरनं वल्ह्यानं डोंग्यावर दोन ठोके द्यायचे. म्हणजे 'निघालो'. वीस वर्षांचा रिवाज.

पंधरा दिवसांमागं टोलीच्या योगराजनं अर्धा तास घसा फोडला. त्याची आई चमेलीबाई दम्यानं कासावीस झाली होती. ठोके आलेच नाहीत. शेवटी बाजेवर घालून, तळ्याला वळसा देऊन नेली. म्हातारी अजून गोंदियाच्या दवाखान्यात, नाकाला नळी.

"झोपला असन लेकाचा," गाव म्हणालं. पण जागेश्वर झोपला नव्हता. डोंग्यातच बसून जाळं विणत होता. त्याला हाक आलीच नव्हती. तेव्हापासून भाताचा घास गिळवेना.

त्यात कुडवा गावची रुची नावाची पोरगी आली, जागेश्वरच्याच डोंग्यात बसून तळ्यातला गाळ मोजायला. तिचं यंत्र पाण्यात आवाज सोडायचं, तळाला आपटून आलेला परत ऐकायचं आणि खोली सांगायचं. दुपारी वारं सुटलं की पोरगी यंत्र बंद करून डबा उघडायची.

"काऊन वो बाई, थकलं का यंत्र?" जागेश्वरनं विचारलं.

"लाटा आल्या ना मामाजी. डोंगा हलतो, आकडे भलतेच येतात. अन् पाणी सपाट असलं की आवाज कसा, आरशावरच्या उन्हासारखा, एका बाजूला नीट जातो. पाणी खडबडीत झालं की त्याच्यावरून फुटतो, दहा दिशांना पांगतो."

"आन पान्यावरून येनारी हाक?"

"तिचंही तेच. वारा उलटा असला तर वरच्या वर उडूनही जाते."

बुडत्याला काडीचा आधार! योगराजनं हाका घातल्या त्या दिवशी दुपारच होती, वाराही उलटाच होता. जागेश्वर तडक पाळीवर, तळ्याच्या बांधावर बसलेल्या गावकऱ्यांकडं गेला आणि म्हणाला, "उद्या सकाळी, पानी निपचित असतानी, घ्या माझी परीक्षा!"

सकाळी तळं काशाच्या थाळीसारखं. योगराज पलीकडं मोहाच्या झाडामागं उभा. इकडं अर्धं गाव चुलीवरचा चहा टाकून जमलेलं.

"तळ्याकडं पाठ कर बे," म्हातारा बकाराम म्हणाला. "नाई तं डोळ्यानं आयकशील!"

सगळे हसले. जागेश्वरनं पाठ केली, वल्हं हातात धरलं आणि कान टवकारले. काही नाही. मग समोर नंदाबाईची भुवई वर गेली. तिच्या शेजारणीनं मान वळवली. हाक येऊन गेली होती! आणि त्याचा हात, मेला, आपोआप उठला. दोन ठोके.

गावानं टाळ्या पिटल्या. "वाऱ्याचाच दोष बापा!" नंदाबाई तेवढी त्याच्याकडं रोखून बघत होती.

जागेश्वर योगराजला आणायला पलीकडं गेला. योगराजचं तोंड उजळलेलं. "एका हाकेत ठोके, मामाजी! उगाच शिव्या देल्या तुमाले. उद्या मायले आनून राहिलो. आता कवा बी दम लागू दे, तुमी हाव ना. मले फिकर नाई." असं म्हणत त्यानं एक पाय डोंग्यात ठेवला.

गप्प बसायला काय लागतं हो? तोंड मिटलं की झालं. पण म्हातारी उद्याच यायची होती.

"योगराज, मले हाक आयकू नाई आली."

"त्या दिवशीची ना? वारा होता, समजलं मले."

"आताची."

"ठोके देले ना तुमी?"

"बायकोचं तोंड पाहून देले."

"मंग त्या दिवशी वारा नसता तरी...?"

"कोन जाने, बापा. वारा बी होता. मी बी होतो."

योगराजनं डोंग्यातला पाय मागं घेतला आणि काठाच्या पायवाटेला लागला. जागेश्वर रिकामा डोंगा घेऊन फिरला. पाळीवर गाव अजून हसत-बोलत उभं होतं, आणि त्यांनाही सांगायचं होतं.