इंग्रजीतली ओ

पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा आम्ही जालन्याकडच्या आष्टीत राहायचो. जालना जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. इंग्रजीचे सर जाफराबादकडचे, हळू आवाजात बोलणारे. एका धड्यात 'ओह' असा शब्द आला. मी अर्थ विचारला. सर म्हणाले, "याला एक अर्थ न्हाई. जसा म्हणाल तसा अर्थ."

मग त्यांनी तो म्हणून दाखवला. आखूड म्हटला, तर विसरलेलं काही आठवल्यासारखं वाटलं. शेवटी वर उचलला, तर नवल वाटल्यासारखं. लांबवत खाली सोडला, तेव्हा कुणी तरी गेल्याची बातमी आल्यासारखा सगळा वर्ग गप्प झाला.

"हा आला कुठून सर?"

"इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला म्हणतात, आणि फ्रेंचांनी लॅटिनकडून. त्याच्या आधीचं पुस्तकात न्हाई."

तो शब्द दोन-तीन दिवस माझ्या तोंडात घोळत राहिला. रविवारी आईबरोबर कापूस वेचायला गेले, तेव्हाही. आई कमरेला ओटी बांधून सरीसरीनं पुढे गेली. मी थोडा वेळ वेचला आणि बांधावरच्या बाभळीखाली आडवी झाले. दुपारचं हिवाळी ऊन होतं. फुटलेल्या बोंडांमुळे रान पांढरं दिसत होतं, आणि डोळे अर्धे मिटले की ते पांढरं हलायला लागायचं. आपण जमिनीवर आहोत की वर कुठे तरी, हे कळेनासं झालं. मी ओठ गोल करून तो शब्द सोडत राहिले. आखूड, लांब, वर जाणारा. बहुतेक माझा डोळा लागला.

आईची हाक कुठून तरी खूप लांबून आली. एरवी हाकेला ओ द्यायची सवय होती. त्या दिवशी झोपेतच मी सरांसारखी लांबलचक 'ओह' दिली, लांबवत खाली सोडलेली.

कापसाची पऱ्हाटी जोरात सळसळली. डोळे उघडले तर आई समोर उभी. ओटीतला कापूस वाटेत सांडलेला, पदर फाट्यांना अडकून फाटलेला, पायात चप्पल नव्हती.

"काय चावलं? कुठं चावलं?" ती माझे पाय चाचपत होती.

"कायी न्हाई."

"मंग कण्हलीस कशाला?"

"कण्हले न्हाई. इंग्रजीत ओ दिली."

आई मटकन खाली बसली. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. पण तिनं माझे पाय सोडले नाहीत. तिच्या टाचेतून रक्त येत होतं. बाभळीचा काटा आत मोडला होता. मी दुसऱ्या काट्यानं तो उकरून काढला, तेव्हा तिनं ओठ दाबून धरले, आवाज काढला नाही. बांधावरच्या रुईचा चीक लावताना मला रडू आलं.

"इंग्रजीत हाकेला असंच म्हणतात का?" तिनं विचारलं.

"न्हाई. नवल वाटलं, वाईट वाटलं, काही आठवलं, की म्हणतात."

"आन् माणूस हितं हाय, हे सांगायला?"

सोमवारी सगळं सांगून सरांना तेच विचारलं. त्यांनी खडू खाली ठेवला. "तो शब्द तुमच्या आईकडं हाये," म्हणाले, "माझ्या पुस्तकात न्हाई." मग आईचा पाय कसा आहे, ते विचारलं.

आठ दिवस ती लंगडत वेचायला गेली. पुढच्या रविवारी मी तिच्या शेजारच्या सरीत होते. मधे पऱ्हाटी उंच, ती दिसत नव्हती. पलीकडून बारीक आवाज येत होता. आई तो इंग्रजी शब्द म्हणून बघत होती. एकदा आखूड, एकदा लांब, मग पुन्हा, जरा वर नेऊन. मी हात थांबवून ऐकत राहिले. तिला कळू दिलं नाही.