मामांच्या झोपाळ्याची कडी

काळाला घाई करायला लावणारी माणसं इतिहासात क्वचितच जन्माला येतात. त्यांतले एक माझे शिरोड्याचे मामा. हे कार्य ते न्हाणीघराच्या मागे, एका बिघडलेल्या फ्रिजात करतात. पुण्याच्या कारखान्यात मोटारींचे सुटे भाग किती टिकतील हे तपासणाऱ्या खात्यात ते होते. निवृत्त होऊन गावी आले ते खातं बरोबर घेऊनच. ज्या फ्रिजात पूर्वी सोलकढी गार व्हायची, त्यात आता बल्बची धग आणि मिठाच्या पाण्याची वाफ असते, आणि त्या वाफेत बिजागऱ्या, कुलपं आणि छत्रीच्या काड्या गुन्हेगारांसारख्या लटकत असतात; एकदा माझी उजवी चप्पलही होती. एरवी मालवणी बोलणारे मामा या विषयाचं शास्त्र सांगताना मात्र कचेरीतली मराठी बोलतात. "समुद्राकाठची पुष्कळ वर्षं आपण थोड्या आठवड्यांत उरकतो. वस्तू मोडायची वाट बघू नये. ती किती वेगाने खंगते ते मोजावं आणि तिचं मरण कागदावर काढावं." एका लग्नात आहेराचा मिक्सर फिरवून बघून त्यांनी वधूपित्याला बाजूला घेतलं. "नवरो टिकतलो. मिक्सराचा काय सांगाक येणा नाय." वधूपिता अजून आमच्याशी बोलत नाहीत.

मामीने आयुष्यात मागितलं काय, तर पडवीत एक झोपाळा. गुडघे धरल्यापासून तिला जमिनीवर बसवत नाही, खुर्चीत पाय सुजतात. संध्याकाळी पाय हलवत बसावं, एवढीच इच्छा. फणसाची फळी आली आणि मामांनी कड्या फ्रिजात घातल्या. लोखंडी गंजली, जस्ताच्या मुलाम्याची डागाळली. स्टीलची चांगली निघाली, म्हणून मामांना तिचाच संशय आला आणि त्यांनी धग वाढवली. दोन दिवाळ्या गेल्या, फळी भिंतीला टेकून उभी. पडवीची पायरी सहज उतरणारी मामी काठी घेऊन उतरू लागली.

"घाईत लावलेली कडी निखळली तर?" मामा म्हणायचे.

"कडी टिकात ओ. पण बसूक मी जिती रवाक नको?" मामी एकदा म्हणाली. "माझे गुडघे घाला त्या फ्रिजात, कळात तुमका."

दुसऱ्याच दिवशी मामांनी स्टीलची कडी पास झाल्याचं जाहीर केलं. ती आम्हा सगळ्यांना पुरून उरेल, असा निकाल होता. मी स्टूल धरलं, मामा ड्रिल घेऊन चढले. ड्रिल पडवीच्या तुळईत शिरलं ते थांबेचना. भुसा त्यांच्या टकलावर, चष्म्यावर, माझ्या तोंडात. तुळई बाहेरून तेलपाणी केलेली, आतून पोकळ. कड्यांच्या नादात तिच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं.

"वाळवी," मामी खालून म्हणाली. "तिका तुमचो फ्रिज लागणा नाय." आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग डोळे पुसले, ते जरा जास्तच वेळ.

मामा उतरले. त्यांनी अंगणातले जांभ्याचे चिरे उचलून आणले, पडवीत एकावर एक रचले, वर फळी टाकली आणि मामीला हात धरून बसवलं. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ती ते हलवू लागली. थोड्या वेळाने मामाही शेजारी बसले. समुद्रावरून खारा वारा येत होता, आणि मामांनी त्याबद्दल काहीही म्हटलं नाही.

त्या चिऱ्यांची किंवा फळीची कसलीही चाचणी अजून झालेली नाही.