पूजेतलं बूच

नोकरी मला पदवीमुळं मिळाली, असं मी गावाकडं सांगते. निपाणीकडच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, तेव्हा तसं सांगणं भागच आहे. खरं असं, की मुलाखतीसाठी बेंगळुरूबाहेर आनेकलजवळच्या बोटींच्या शेडवर पोचले तेव्हा फाटकात एक स्पीडबोट ट्रेलरसकट तिरकी अडकली होती. तिला ओढणाऱ्या जीपमध्ये शेडचे मालक होते. मूळचे पुण्याचे, हेब्बाळच्या आयटी कंपनीत मोठे साहेब आणि सुट्टीच्या दिवशी पाण्यावर मोटरबोटींच्या शर्यती खेळणारे. रिव्हर्समध्ये ते स्टिअरिंग डावीकडं फिरवत होते आणि ट्रेलर उजवीकडं पळत होता. ट्रेलर तसाच पळतो. अर्धा तास बघून मी म्हटलं, "सर, मी घेऊ का?" आणि एका दमात बोट शेडमध्ये लावली.

माझे वडील साखर कारखान्याला ऊस ओढायचे, ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या जोडून. बारा वर्षांची असताना मी रिकामी ट्रॉली मागं घ्यायची. बायोडेटात हे लिहिलेलं नव्हतं. लिहिण्यासारखं त्यात काय आहे, असं मला वाटायचं. सरांनी बायोडेटा उघडलाच नाही. "कधीपासून येतेस?" एवढंच विचारलं.

अशी मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले. काम मुख्यतः जीप चालवायचं.

लोकांना वाटतं या खेळात धोका पाण्यावर असतो. पाण्यावर निदान सगळे एकाच दिशेनं जातात. बोट मागं बांधून बेंगळुरूच्या रस्त्यानं जाऊन बघावं. सिग्नलला एक स्कूटरवाला जीप आणि ट्रेलरच्या मधल्या दांड्यावरून चाक पलीकडं उचलून घालत होता. त्याला ओरडले तर तोच म्हणाला, "स्वल्प थांबा की मॅडम!" आणि पावसानं रस्ते तुंबले की रिक्षावाले हमखास काच खाली घ्यायला लावतात. "अक्का, सर्जापूर रोडला सोडता का? मीटरवर!"

शेडमध्ये तिसरे होते अण्णा, फिटर. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, पण ती निम्मी कन्नड. शाळा चौथीपर्यंत, इंजिनाचा दोष मात्र कानानं ओळखायचे. आदल्या शर्यतीत त्यांनी बसवलेला एक पाइप सुटला होता, तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "अण्णा, आता आणखी एक चूक झाली की मी दुसरा माणूस बघणार." अण्णा साठीला आलेले. दुसऱ्या शेडनं त्यांना उभं केलं नसतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

त्या प्रसंगानंतर मी एक यादी तयार केली. बोट पाण्यात सोडण्याआधी बघायच्या सेहेचाळीस गोष्टी, प्रत्येकीपुढं चौकोन, खाली माझी सही आणि सहीखाली पदवी. अण्णांनी कागद लांब धरून बघितला.

"अक्का, बोटीला विचारा की. कागदाला काय विचारता?"

"अण्णा, विमानसुद्धा यादी बघूनच उडतं."

"सरी," ते म्हणाले. 'सरी' म्हणजे कन्नडमधलं 'बरं', आणि त्यांच्या 'सरी'चे पुष्कळ प्रकार होते. पटलं, हा त्यातला नव्हता.

यादीत अकराव्या नंबरावर बूच होतं. बोटीच्या मागच्या बाजूला तळाशी अंगठ्याएवढं भोक असतं. बोट ट्रेलरवर उभी असली की त्यातलं पितळी बूच काढून ठेवतात, म्हणजे आत साचलेलं पावसाचं पाणी वाहून जातं. पाण्यात सोडताना ते परत पिळून बसवायचं. आमच्याकडं ते इंजिनाशेजारच्या हुकाला लटकलेलं असायचं.

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा झाली. इथं तिला आयुधपूजा म्हणतात, बाकी सगळं तेच. अण्णांनी पाने, पकडी, ड्रिल मशीन ओळीनं मांडलं. मला वडिलांची पूजा आठवली. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी लोखंडी पिन असते, तिला ते आधी हळदकुंकू लावायचे. "एवढीशी आहे, पण सगळा भार हिच्यावर," म्हणायचे. सगळा भार पेलणारी आमच्याकडची एवढीशी वस्तू कुठली? मी हुकावरचं बूच काढलं, ताटात मधोमध ठेवलं आणि त्याला कुंकू लावलं. अण्णा तेव्हा बाहेर जीपच्या चाकांखाली लिंबं ठेवत होते.

त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नसतो. मग बसून काय करायचं? मी यादी काढली. शर्यत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. जे सकाळी होणारच आहे त्याची खूण आज केली तर काय बिघडतं? अकरावा नंबर आला. बूच समोरच होतं, झेंडूच्या दोन फुलांमध्ये. मी खूण केली.

शर्यत शहरापासून दोन तासांवरच्या एका तलावात होती. उतारावर मी ट्रेलर मागं घेतला, नेहमीप्रमाणं एका दमात, आणि नेहमीप्रमाणं चार जणांनी त्याचा व्हिडिओ काढला. अण्णा इंजिनाशी वाकले होते.

"अक्का, हुकाला बूच नाही."

"बसवलंय अण्णा. हे बघा, खूण आहे."

त्यांनी कागद बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "सरी," म्हणाले. हा प्रकार नवीन होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कागदावर विश्वास ठेवला होता.

वेळेवर सुरुवात झाली असती तर कदाचित काहीच झालं नसतं. अशी बोट वेगात असली की पुढचा भाग उचलला जातो आणि त्या भोकातून पाणी आत येण्याऐवजी बाहेर फेकलं जातं. थांबली की भरते. आणि शर्यतीतल्या सातही बोटी थांबल्या होत्या, कारण झेंडा दाखवणारे प्रमुख पाहुणे वाटेत नाश्त्याला उतरले होते. वीस मिनिटं सर हेल्मेट घालून रुबाबात तरंगत होते.

अण्णा आणि मी ओढबोटीत होतो. बंद पडलेल्या बोटीला दोर लावून काठावर आणायचं काम त्या दिवशी आमच्याकडं होतं.

"अक्का, पाठ बसली हो तिची," अण्णा सरांच्या बोटीकडं बघत म्हणाले.

"टाकी फुल आहे अण्णा. वजन मागं आलं की गुरुत्वमध्य सरकतो." आणि मी त्यांना गुरुत्वमध्य समजावून सांगितला. नीट, हातवारे करून सांगितला.

पाहुणे आले, झेंडा पडला, सहा बोटी सुटल्या. सातवी नाक आभाळाकडं करून पोटानं सरकत निघाली. पहिल्या वळणावर आतलं सगळं पाणी एका कुशीला गेलं, बोट गर्रकन फिरली आणि सर अलगद बाहेर उडाले. मनगटाची लाल दोरी ओढली जाऊन इंजिन बंद पडलं, ती त्याचसाठी असते. लाइफ जॅकेटमध्ये ते तरंगत होते, ओरडत होते, "रेस थांबवली का? रेस थांबवा!" शर्यत कुणी थांबवली नव्हती. इतर बोटी दुसऱ्या फेरीला आमच्या दिशेनंच येत होत्या.

आम्ही त्यांना आत ओढलं आणि बोटीला दोर लावला. पाण्यानं भरलेली बोट ओढणं म्हणजे भिंत ओढणं. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उलटा येतो. त्या ताणाचं सूत्र मी परीक्षेत लिहिलेलं आहे, पूर्ण मार्क पडलेत. अण्णांनी माझं डोकं धरून खाली दाबलं. "बसा खाली. निधान, निधान." म्हणजे सावकाश. शेजारून बोटी गेल्या आणि त्यांच्या लाटांनी दोर करकरला. मला घाम फुटला. मजा आली नाही असं मात्र म्हणणार नाही.

काठावर मी बोट ट्रेलरवर घेतली, जीप उतारावरून वर काढली, आणि तळाच्या भोकातून पाण्याची धार सुटली. जयनगरच्या नळालाही एवढा दाब नसतो. धार थांबेना. सगळे बघत होते, पाहुणेसुद्धा.

"अण्णा," सर म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "बूच कुठंय?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "राहिलं असणार, सर. माझं काम ते."

मी चार-पाच सेकंद गप्प उभी राहिले. ते सेकंद इथं लिहायचे नव्हते, पण ते होते. निपाणीला काय सांगू, हा विचार त्यातल्या तीन सेकंदांत होता.

"सर, बूच मी काढलंय. शेडमध्ये पूजेच्या ताटात आहे."

"अगं, त्यांना कव्हर करू नकोस. तू इंजिनिअर आहेस, तुझ्याकडून अशी सिली मिस्टेक होणार नाही."

पदवीचा एवढा मान आजवर कुणी केला नव्हता, आणि केला तो मी खरं बोलत असताना. मी क्लिपबोर्ड पुढं केला. अकरावा नंबर, खूण, सही, सहीखाली पदवी.

सरांनी दोनदा वाचलं. "हे केव्हा भरलंस?"

"परवा."

"परवा? मग ही लिस्ट आहे कशाला?"

"लिस्ट चांगली आहे सर," अण्णा मध्येच म्हणाले. "बूच लावून भरायची, तेवढंच."

सर काही तरी जोरात बोलणार होते. मग त्यांनी जीपकडं बघितलं, ट्रेलरकडं, गर्दीतून मागं जाणाऱ्या अरुंद वाटेकडं. "उद्या बोलू," म्हणाले आणि ओल्या कपड्यांनी शेजारच्या सीटवर जाऊन बसले. ते बोलणं अजून झालेलं नाही. अण्णा अजून शेडमध्ये आहेत. बूच तेच लावतात, खूण मी करते, आणि त्याआधी मला वाकून बुचाला बोट लावून दाखवावं लागतं.

संध्याकाळी वडिलांना फोन केला. सांगावं की नको असं करत सगळं सांगितलं. "तुम्ही पिन पूजेत ठेवायचा, म्हणून मी बूच ठेवलं," असंही म्हणाले.



"मी कुठं पिन काढत हुतो गं?" ते म्हणाले. "ट्रॉलीलाच असायची की. तिथंच वाकून कुंकू लावायचो."